घोटभर

"नाही हो बाई, आमच्याकडे कुठला सर्वेवाला आलाच नाही," पलीकडचा आवाज म्हणाला. मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत फोन बंद झाला.

हा सहावा फोन. सहा घरं, सहा नकार. मी यादीत सहाव्या घरापुढे फुली मारली, पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीत मागे रेलले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. संशय खरा ठरला की माणसाला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, आणि मला ती सवय एकोणीस वर्षांची आहे.

आमचं ऑफिस सर्वेक्षणं करतं. एखाद्या खात्याला दवाखाना हलवायचा असतो, बसचा मार्ग बदलायचा असतो, शाळेच्या वेळा पुढेमागे करायच्या असतात. त्याआधी लोकांचं म्हणणं काय, ते त्यांना कागदावर हवं असतं. मग आमची माणसं दारोदार जातात, प्रश्न विचारतात, उत्तरं भरून आणतात, आणि त्याचे तक्ते करून आम्ही वर पाठवतो. माझं काम लोकांना प्रश्न विचारायचं नाही. प्रश्न विचारून आलेली आमची माणसं खरंच तिथे गेली होती का, हे शोधायचं. याला पडताळणी म्हणतात. भरून आलेल्या दर चार मुलाखतींतल्या एका घरी मी फोन लावते, आणि फोनवर नकार आले तर निदान एका घरी स्वतः जाऊन यायचं, असा नियम आहे.

या नोकरीत मी काय काय पाहिलं नाही? एकाने उपाहारगृहात बसून चाळीस घरं भरली होती. एकीने आपल्याच नात्यातल्या बारा जणांना बारा वस्त्यांत राहायला पाठवलं होतं. एका बहाद्दराने तर ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना तीन महिन्यांचं बाळ दिलं होतं. सगळ्यांचं पितळ मी उघडं पाडलं. ऑफिसात मला पाठीमागे चाळणी म्हणतात. पाठीमागे म्हणतात हेही मीच शोधून काढलं.

घरीही माझं हेच. आमच्या ह्यांनी बाजारातून यायला उशीर केला, तर मी आधी पिशवी बघते आणि मग चेहरा. मुलीचा फोन आला होता, आई मला नोकरी लागली म्हणून. मी विचारलं, पत्र हातात आलंय का? ती म्हणाली, "तू अभिनंदन करतानासुद्धा पुरावा मागतेस." मी हसण्यावारी नेलं.

तर ज्यांच्या सहा घरांपुढे मी फुल्या मारल्या, ते आमचे घोटभरकाका. वय बासष्ट, अंगाने काटकुळे, शर्टाला कडक इस्त्री, खांद्याला कापडी पिशवी. ऑफिसात सगळ्यांत जुने तेच. दार उघडलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "घोटभर पाणी मिळेल का?" तहान असो नसो. म्हणून नाव पडलं घोटभर. ते म्हणायचे की प्रश्न घेऊन गेलं की माणूस दार लावून घेतो, आणि तहान घेऊन गेलं की आत बोलावतो. एकदा पाणी दिलं की तो माणूस आपला यजमान होतो, आणि यजमान पाहुण्याशी सहसा खोटं बोलत नाही.

मी नवीन होते तेव्हा तीन आठवडे त्यांच्याबरोबर फिरले होते. आमच्या प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाखाली शेवटी दोन चौकटी असतात. एक 'सांगता येत नाही' आणि दुसरी 'सांगायचं नाही'. नवी माणसं दोन्हींत गल्लत करतात, मीही करायची. काकांनी मला समजावलं होतं, "बाई, एकात जीभ अडते आणि दुसऱ्यात दार लागतं. फरक कळायला थांबावं लागतं." ते मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. प्रश्न विचारून झाला की वीस होईपर्यंत ना हूं ना चूं. बहुतेक माणसं पंधरापाशी बोलायला लागतात, असा त्यांचा हिशोब होता. वीसनंतरही माणूस गप्प राहिला आणि तरी आपल्याकडे बघत राहिला, तरच ते पहिल्या चौकटीत खूण करायचे.

माझं त्यांच्याशी वाकडं नव्हतं. मी काही त्यांना पाण्यात पाहत नव्हते. पण कामात माया करायची नाही, हेही मी त्याच तीन आठवड्यांत शिकले होते.

प्रकल्प होता कालव्यापलीकडच्या वस्तीचा. तिथला लहान दवाखाना बंद करून शहराच्या मोठ्या इस्पितळाला जोडायचा, असं एका खात्याच्या मनात होतं. वस्तीतली चोवीस घरं काकांच्या वाट्याला होती. हल्ली आम्ही टॅबवर भरतो आणि मुलाखत जिथे भरली तिथे नकाशावर आपोआप ठिपका पडतो. मी नकाशा उघडला आणि बघतच राहिले. चोवीस घरांचे चोवीस ठिपके एकाच जागी, एकावर एक. ती जागा म्हणजे कालव्यावरच्या पुलाच्या पायऱ्या. शिवाय दवाखान्याच्या प्रश्नाला चोवीसपैकी नऊ घरांत 'सांगता येत नाही'. इतकी कधी येत नाहीत. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. बासष्टाव्या वर्षी गुडघे बोलायला लागले असतील, पुलाच्या पायरीवर बसून गृहस्थाने वस्ती भरून टाकली असेल.

मग ते सहा फोन. आमचा प्रश्न छापील आहे, त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नसतं: गेल्या आठवड्यात आपल्या घरी सर्वेसाठी कोणी आलं होतं का? सहाही जणांनी नाही म्हटलं. दोघांनी तर तोडूनच टाकलं. आता नियमाप्रमाणे मी वस्तीत जायला हवं होतं. पण दोन बस बदलून जायचं, ऊन मी म्हणत होतं, आणि नकाशा समोर होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मी मनाशी म्हटलं. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: बनावट.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पप्रमुखांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. या प्रमुख वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण खुर्चीमुळे सगळे त्यांना ताई म्हणतात. ताईंनी काकांसमोर नकाशा ठेवला आणि माझी फुल्यांची यादी ठेवली. काकांनी चष्मा लावून दोन्ही नीट वाचलं. मग त्यांनी सांगितलं, की टॅब समोर धरला की वस्तीतली माणसं तोंड मिटतात, म्हणून ते तो पिशवीतच ठेवतात. एका घरी बसायचं, बोलायचं, उठून पुलाच्या पायरीवर यायचं, भरायचं. मग दुसरं घर. चार दिवस हेच केलं.

"आणि ही सहा घरं नाही कशी म्हणतात?" ताईंनी विचारलं.

"ते मला नाही माहीत. मी प्रत्येक घरात पाणी प्यायलोय."

ताईंना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण काकांनी पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही वस्तीत गेला होतात?"

"फोन केले," मी म्हटलं.

"म्हणजे गेला नव्हतात."

एवढंच. माझ्याशी वाद नाही, ताईंची मनधरणी नाही. सत्तावीस वर्षांत त्यांची एकही मुलाखत रद्द झाली नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांपैकी कोणीही ते बोललं नाही. त्यांनी पिशवीतून टॅब काढून टेबलावर ठेवला. चार्जरची वायर नीट गुंडाळून त्यावर ठेवली. गळ्यातलं ओळखपत्र काढताना दोरी चष्म्यात अडकली, ती सोडवायला जरा वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत होते. खोट्याच्या कपाळी गोटा, असं मी संध्याकाळी ह्यांना सांगितलंही. हे म्हणाले, "तो माणूस? खोटा?" आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही, पण त्याचा आळ मी वरणावर घेतला.

चोवीस मुलाखती रद्द झाल्या. वस्तीत पुन्हा पाठवायला दुसरं माणूस मोकळं नव्हतं, म्हणून खात्याने सांगितलं की निदान वस्तीतल्या बायकांची एक गटचर्चा घ्या. तीन आठवड्यांनी ती झाली. आमच्याकडे त्यासाठी एक खोली आहे. गोल टेबल, आठ खुर्च्या आणि एका भिंतीला मोठा आरसा. तो आत बसलेल्यांना आरसा असतो आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्यांना खिडकी. पलीकडे खात्याचे एक अधिकारी होते आणि त्यांच्याशेजारी टिपणं घ्यायला मी.

आठ बायका आल्या. त्यांना आधीच सांगितलं होतं की पलीकडून बघणारे आहेत, आवाज टेपही होतो. त्यामुळे त्या अंग चोरून बसल्या होत्या. चर्चा घेणारी आमची मुलगी फार गोड बोलते. तिने दवाखान्याबद्दल विचारलं, तर एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने पदराकडे. तिने प्रश्न फिरवून विचारला. एक म्हणाली, बरंय. दुसरी म्हणाली, जे होईल ते चांगलंच होईल. अधिकारी माझ्याकडे झुकून म्हणाले, म्हणजे तशी हरकत दिसत नाही. मी टिपणात तसं लिहायला घेतलं.

तेवढ्यात सगळ्यांत म्हाताऱ्या बाई बोलल्या. त्यांचे पाय सुजलेले होते आणि त्यांनी चपला काढून पाय फरशीवर टेकवले होते.

"ते काका नाही का आले?"

"कोणते काका, आजी?" आमच्या मुलीने विचारलं.

"तुमचेच की. पाणी मागणारे. त्यांना आम्ही सगळं सांगून बसलोय. आता पुन्हा पुन्हा काय सांगायचं? त्यांनाच विचारा."

माझ्या हातातलं पेन थांबलं. पलीकडे जायचं नाही, असा या खोलीचा पहिला नियम. मी उठले, अधिकारी काहीतरी म्हणाले ते ऐकलं नाही, आणि दार उघडून आत गेले. आठही बायका दचकल्या. मी माझं काम सांगितलं. काका घरी आले होते ना, मग मी फोनवर विचारलं तेव्हा नाही का म्हटलंत, असं विचारलं. मग कोपऱ्यातली एक तरुण बाई म्हणाली, "तुम्ही विचारलंत, सर्वेवाला आला होता का."

आवाज मी लगेच ओळखला. सहावा फोन.

"हो. मग?"

"सर्वेवाले मोजायची फीत घेऊन येतात बाई. भिंतीवर खडूने आकडा टाकतात. खालच्या आळीत आले होते. ज्यांनी हो म्हणून सही केली त्यांच्या घरांवर सहा महिन्यांत पाडायची गाडी आली. आमच्यात लहान पोरालासुद्धा शिकवून ठेवलंय, सर्वेचं कोणी विचारलं तर नाही म्हण." ती थांबली. "काका कुठे सर्वेवाले? ते बसले, पाणी प्यायले, बोलले. त्यांच्याजवळ फीत नव्हती."

दुधाने तोंड पोळलेली माणसं, ताकही फुंकून पिणार. आणि मी नेमका तोच शब्द सहा घरांच्या कानात ओतला होता. मी काकांवर संशय घेत होते आणि ती माणसं माझ्यावर, आणि मधल्या मध्ये जो एकटा खरं बोलला त्याचं नाव गेलं.

म्हाताऱ्या बाईंना आता कंठ फुटला होता. "त्यांनी मला विचारलं, आजी, दवाखाना हलवला तर चालेल का? मी म्हटलं, मला चालताच येत नाही, तर चालेल कसं? हसले बिचारे. मग लिहितो म्हणाले, नको म्हणून."

तरुण बाई म्हणाली, "मी म्हटलं, घर राहणार का तेच ठाऊक नाही, दवाखान्याचं काय सांगू? कितीतरी वेळ गप्प बसले माझ्यासमोर. मग म्हणाले, बाई, तसंच लिहितो, सांगता येत नाही."

नऊ घरं. आळस म्हणून मी ज्यावर बोट ठेवलं होतं, ते त्या कागदावरचं सगळ्यांत खरं उत्तर होतं.

त्याच दिवशी मी नवा अहवाल लिहिला. माझी चूक, नियम मोडून वस्तीत न जाणं, सगळं सहीनिशी लिहिलं. ताईंनी तो दोनदा वाचला. त्या वाईट नाहीत. पण तक्ते आठवड्यापूर्वीच खात्याकडे गेले होते, वस्तीपुढे 'नमुना अपुरा' असं छापलं गेलं होतं आणि तक्ते परत मागवले तर आमच्या सगळ्याच कामावर संशय घेतला जाईल, असं त्या म्हणाल्या. गटचर्चेचं पान शेवटी जोडू, वाचलं तर वाचलं. काकांना मात्र परत बोलवा, पुढच्या प्रकल्पावर घेऊ. पडताळणीच्या छापील प्रश्नातला तो शब्द मी स्वतः खोडला आणि तिथे लिहिलं: आपल्याकडे कोणी येऊन बसून बोललं होतं का? ताईंनी त्याला मंजुरी दिली.

काकांचा फोन बंद लागत होता. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, जिना अरुंद. दार काकूंनी उघडलं, तेही साखळी लावूनच.

"काय विकायचंय?"

मी ओळख सांगितली. साखळीमागचा चेहरा बदलला नाही. "त्या फोनवाल्या का तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या आत गेल्या. जरा वेळाने काकांनी येऊन साखळी काढली. शर्टाला इस्त्री होती, रविवारीही. पण ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरले आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

"घोटभर पाणी मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन भरलेला पेला घेऊन आले. मी उभ्याउभ्या प्यायले. पिता पिता सांगितलं की त्या म्हाताऱ्या बाई तुमची चौकशी करत होत्या.

"पायांची सूज उतरली का?"

"नाही. आहे तशीच."

"आणि त्यांची मुलाखत?"

मी सांगितलं की गेली. चोवीसही गेल्या, परत घेता आल्या नाहीत. फोनवर नकार का आले तेही सांगितलं, फितीचं, खडूचं. त्यांनी मान हलवली. त्यांना त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मी त्यांना म्हटलं होतं, तुमचं म्हणणं पोचवतो," ते म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं की ताई बोलावतायत, अहवाल मी बदललाय, तुमच्यावर कसलाही ठपका नाही. ते जरा हसले. आता पुन्हा कुणाचं दार वाजवायला गेलो, तर आपल्या मागून कोणी येतंय का असं वळून बघावंसं वाटेल, आणि वळून बघणाऱ्या माणसाला कोणी घरात घेत नाही, असं ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

"अजून काही विचारायचंय का बाई?"

विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. तीनच शब्द होते, माझी चूक झाली, आणि ते मी ताईंच्या कागदावर सहीनिशी लिहिलेही होते. पण एकोणीस वर्षं मी लोकांकडून ते वदवून घेत आले, स्वतः तोंडाने कधी म्हटले नव्हते. घशाशी आले आणि तिथेच राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. तेही काही बोलले नाहीत. ते मोजतायत हे मला कळत होतं. मीही मोजायला लागले. पंधरा झाले. सोळा, सतरा. आत काकूंनी भांड्यांचा आवाज थांबवला होता. वीस झाले.

"असू द्या," काका हळूच म्हणाले. "सांगता येत नाही, असं लिहा."

आणि पेला घ्यायला त्यांनी हात पुढे केला. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. ते मी पिऊन टाकलं आणि पेला त्यांच्या हातात दिला.